हाताने विणलेली, पण कुणी?

घरसामान विकणाऱ्या कुठल्याही ऑनलाइन दुकानात जा आणि सतरंजी शोधा. ('सतरंजी' लिहून बहुधा सापडणार नाही, 'डरी' लिहावं लागेल.) समोर येईल ते साधारण असं असतं: चार फोटो, किंमत, माप, 'पहिल्यांदा वेगळी धुवा' अशी सूचना. मग डिझायनरचं नाव, तिचा हसरा फोटो, तिला ही कल्पना कुठे सुचली याच्या चार ओळी. आणि सगळ्यात खाली आणखी एक फोटो: मागावर चालणारे दोन हात. मनगटाच्या वर काही नाही. फोटोखाली दोन शब्द: 'हाताने विणलेली'.

त्यातल्या 'हाताने' या शब्दाशी माझं भांडण आहे. शाळेतलं व्याकरण आठवून बघा. तृतीया विभक्ती: ने, ए, शी. या तृतीयेत दोघं बसतात, कर्ताही आणि करणही. 'काकांनी सतरंजी विणली' यात काका कर्ता आहेत. 'सतरंजी हाताने विणली' यात हात करण आहे, म्हणजे साधन. सुरीने कांदा कापला, तसं. कॅटलॉगातल्या ओळीत साधन आहे, कर्म आहे, क्रियाही आहे. कर्ता तेवढा गायब आहे, आणि तो गायब आहे हे आपल्याला खटकतही नाही. कारण 'हात' म्हटलं की माणूस आला असंच आपण धरून चालतो.

मी टेक्स्टाइल डिझायनर आहे. पुण्यात राहते, चादरी, पडदे, अभ्रे, सतरंज्या यांची डिझाइनं करून घरसामानाच्या कंपन्यांना देते. म्हणजे त्या पानावर ज्यांचा हसरा फोटो असतो त्यांच्यातली. त्यामुळे पुढचा प्रश्न मी बाहेर उभं राहून विचारत नाहीये. एखादी वस्तू अनेकांनी मिळून घडवली असेल, तर तिच्यावर नाव कुणाचं असावं? आणि नाव नसलं म्हणून कुणाचं नेमकं काय बिघडतं?

वीस पौंड

आधी आमच्या जमातीविषयी. डिझायनरचं नाव वस्तूवर असणं ही काही जुनी रीत नाही. कारखान्यांच्या बहुतेक इतिहासात नक्षी काढणारा माणूसही पगारी आणि बिननावाचाच होता. ते नाव कसं आलं, याची एक गोष्ट मला आवडते.

१९५१ साली लंडनमध्ये 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' भरला. युद्ध संपून सहा वर्षं झाली होती, देश अजून रेशनवर होता. त्या प्रदर्शनात घर कसं असावं हे दाखवणाऱ्या दालनात रॉबिन डे या फर्निचर डिझायनरने खोल्या सजवल्या होत्या आणि त्यातल्या एका पडद्याचं कापड त्याच्या बायकोने, लुसिएन डेने डिझाइन केलं होतं. नाव 'कॅलिक्स', म्हणजे फुलाच्या बुडाशी असणारा निदलपुंज. बारीक रेघांच्या देठांवर झुलणारे पेल्यांसारखे आकार. तोवर ब्रिटिश घरांत गुलाबांच्या फुलांचे पडदे असत. हे काहीतरी भलतंच होतं. हे कापड छापलं 'हील्स'ने, म्हणजे १८१० साली सुरू झालेल्या लंडनच्या प्रसिद्ध फर्निचरच्या दुकानाच्या कापड विभागाने. हे खपणार नाही अशी तिथल्या साहेबांची खात्री होती, म्हणून त्यांनी लुसिएनला नेहमीच्या निम्मे, वीस पौंड दिले. कापड वर्षानुवर्षं खपलं. मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. उरलेले पैसे मग तिच्या हातावर ठेवण्यात आले.

पण त्या वीस पौंडांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती कापडाची किनार. हील्सच्या कापडांच्या किनारीवर डिझायनरचं नाव छापलेलं असायचं. पडदा शिवताना ती किनार दुमडली जाणार, कुणाला दिसणारही नाही. तरी नाव होतं. त्या नावावर लुसिएनला पुढची कामं मिळाली. हील्ससाठीच ती वीस वर्षांहून जास्त काळ डिझाइनं करत राहिली, आणि पहिल्या वेळी निम्मे पैसे घेणारी बाई नंतर निम्म्यात मिळणारी राहिली नाही.

नाव म्हणजे मान, असं आपण सहसा समजतो. कॅलिक्सची गोष्ट सांगते की नाव म्हणजे आधी पत्ता. चांगलं काम पाहिलं की ते करणाऱ्यापर्यंत पोचायची वाट. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

तुर्भे आणि लोअर परळ

मुंबईत राहणाऱ्यांना या प्रश्नाची दोन उत्तरं लोकलच्या एका दिवसाच्या तिकिटात बघता येतात.

पहिलं उत्तर तुर्भ्याला. आयकियाचं नवी मुंबईतलं दुकान डिसेंबर २०२० मध्ये उघडलं. आयकियात वस्तूला नाव असतं. कंपनी काढणारे इंगवार काम्प्राड डिस्लेक्सिक होते, कोड नंबर लक्षात ठेवणं त्यांना जड जायचं, म्हणून वस्तूंना नावं द्यायची पद्धत पडली. आणि वस्तूच्या माहितीत डिझायनरचंही नाव असतं. १९७९ साली आलेलं 'बिली' हे पुस्तकांचं कपाट गिलिस लुंडग्रेन यांचं. १९७६ साली आलेली, बसलं की हलकेच झुलणारी 'पोएंग' खुर्ची नोबोरू नाकामुरा या जपानी डिझायनरची. दुकान स्वीडिश, डिझायनर जपानी, वस्तू बनते तिसऱ्याच देशात, आणि ती तुम्ही स्वतःच घरी स्क्रू पिळून उभी करता. तरीही नाव लिहिलेलं आहे. २०१६ साली त्यांनी मार्टिन बेर्गस्ट्रोम या डिझायनरबरोबर 'स्वार्टान' नावाचा काळ्या-पांढऱ्या वस्तूंचा संग्रह काढला. त्यात दिल्लीच्या 'निफ्ट'मधले विद्यार्थीही होते. इथे नावाचा उतार दिसतो: मोठ्या डिझायनरचं पूर्ण नाव, शिकाऊ डिझायनरांना मिळून 'विद्यार्थी' हे सामान्यनाम, आणि प्रत्यक्ष बनवणाऱ्याच्या पातळीला देशाचं नाव: 'मेड इन...'.

दुसरं उत्तर लोअर परळला. मुजीचं भारतातलं पहिलं दुकान २०१६ साली तिथे उघडलं. मुजी हे 'मुजिरुशी र्योहिन'चं लघुरूप. अर्थ साधारण 'छाप नसलेल्या चांगल्या वस्तू'. १९८० साली एका जपानी सुपरमार्केटने चाळीस वस्तूंनिशी हा प्रकार सुरू केला. मुजीच्या वस्तूवर डिझायनरचं नाव नसतं. जगातल्या नामांकित डिझायनरांनी त्यांच्यासाठी काम केलंय, पण डबा म्हणजे डबा आणि खुर्ची म्हणजे खुर्ची.

मला सुरुवातीला मुजीचं उत्तर जास्त नैतिक वाटायचं. कुणाचंच नाव नाही; डिझायनरचं नाही, कामगाराचं नाही, सगळे सारखे. या विचाराला मोठी परंपराही आहे. जपानी विचारवंत सोएत्सु यानागी यांनी १९२०च्या दशकात 'मिंगेई' म्हणजे लोककलेची चळवळ उभी केली. त्यांचं म्हणणं, थोडक्यात, असं की खरं सौंदर्य अनामिक कारागिराच्या रोजच्या वापराच्या भांड्यात असतं. सही करायची घाई नसलेला हात अहंकारापासून मोकळा असतो. त्यांचे सहकारी, कुंभार शोजी हामादा, आपल्या भांड्यांवर सही करत नसत.

पण इथेच एक गोम आहे. सही न करणाऱ्या हामादांना १९५५ साली जपान सरकारने देशाचा जिवंत ठेवा म्हणून गौरवलं. मुजीचा भिंतीवर टांगायचा, दोरी ओढली की सुरू होणारा सीडी प्लेयर नाओतो फुकासावा यांनी केला, हे आज डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणजे ज्याला जग ओळखतं त्याने नाव न लिहिणं, आणि ज्याला कुणी विचारतच नाही त्याचं नाव नसणं, या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात. पहिलीला वैराग्य म्हणता येईल. दुसरीला वैराग्य म्हणणं म्हणजे उपाशी माणसाच्या उपासाला एकादशी म्हणणं.

पानिपतची सतरंजी

आपल्याकडे पानिपत म्हटलं की १७६१. 'पानिपत झालं' म्हणजे सगळं संपलं. पण लंडनच्या मध्यमवर्गीय घरांत पानिपत वेगळ्याच वाटेने पोचलं होतं, जमिनीवर अंथरून.

टेरेन्स कॉनरन यांनी १९६४ साली लंडनच्या फुलहॅम रोडवर 'हॅबिटॅट' हे दुकान काढलं. साधं, तरुणांना परवडणारं, उजळ रंगांचं घरसामान. आज तुम्ही ज्याला 'मॉडर्न होम' म्हणता त्याचं बरंचसं वळण तिथलं. त्याच्या चार वर्षं आधी, १९६० साली, जॉन बिसेल या अमेरिकन गृहस्थांनी दिल्लीत 'फॅबइंडिया' सुरू केली होती. तेव्हा ती निर्यातीची कंपनी होती. पुढे हॅबिटॅट फॅबइंडियाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बनलं, आणि तिकडे जाणाऱ्या सतरंज्या येत होत्या पानिपतहून, ए. एस. खेरा यांच्याकडून. फाळणीनंतर तिकडच्या पंजाबातून आलेले विणकर पानिपतला वसले होते.

या साखळीत कॉनरन यांचं नाव जगाला माहीत आहे. बिसेल यांचं नाव भारतात माहीत आहे. खेरा यांचं नाव फॅबइंडियाचा इतिहास वाचणाऱ्याला सापडतं. त्यांच्या मागांवर बसणाऱ्यांचं नाव कुठेच सापडत नाही. इथे कुणी खलनायक नाही. बिसेल यांनी भारतीय हातमागाला बाजार मिळवून दिला हे खरंच आहे. पण मागापासून दुकानाकडे जाऊ लागलं की प्रत्येक पायरीवर नाव ठळक होत जातं, आणि उलट दिशेने निघालं की पुसट होत होत हातांच्या फोटोवर येऊन थांबतं. माणसं वाईट नसताना हे घडतं, म्हणून तर हा प्रश्न नैतिक आहे. वाईट माणसं असती तर काम सोपं होतं.

पायऱ्या कुणी ठरवल्या

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. एका कंपनीने (नाव नको) मला सतरंज्यांचा एक संग्रह करायला सांगितला. विणकाम सोलापूरला, हातमागावर. मी कागदावर लाटेसारख्या रेषा काढल्या होत्या. ज्यांनी सतरंजी जवळून पाहिली असेल त्यांना माहीत असेल: उभ्या-आडव्या धाग्यांत गोलाई नसते. लाट विणायची म्हणजे बारीक बारीक पायऱ्या करायच्या. किती धाग्यांनंतर पायरी पडावी, यावर लाट जिवंत राहते की करवतीचे दात होते हे ठरतं.

तिथे मागावर जे काका होते त्यांचं वय साठीच्या पुढचं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, हिशेब दोन्हींत. त्यांनी माझा कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, पायरी लपवायचीच कशाला? मोठी करू. दिसू दे." मग दोन दिवस त्यांनी तीन नमुने केले. तिसऱ्यात पायऱ्या सुरुवातीला रुंद, मग अरुंद, मग पुन्हा रुंद होत गेल्या. लांबून लाट, जवळून जिना. कंपनीला तोच आवडला, संग्रहाचं नावही त्याच्यावरूनच पडलं, आणि माझ्या फोटोखालच्या चार ओळींत घाटावरच्या पायऱ्यांचा उल्लेख आला.

आता सांगा, डिझायनर कोण? रंग माझे, मापं माझी, लाटेची कल्पना माझी. जी गोष्ट ग्राहकाच्या डोळ्यात भरते ती काकांची. त्यांनी हात चालवला एवढंच झालेलं नाही. त्यांनी निर्णय घेतला. आणि निर्णय घेणं हेच जर डिझाइन असेल, तर 'डिझायनर' आणि 'कारागीर' या दोन शब्दांमधली भिंत कामाच्या फरकाने उभी राहिलेली नाही. ती कोण कागदावर काढतं आणि कोण मागावर, कोण इंग्रजीत ईमेल लिहितं आणि कोण मिस्ड कॉल देतं, याने उभी आहे.

मी कंपनीला विचारलं, काकांचं नाव घालता येईल का? उत्तर सौजन्याने आलं: कल्पना छान आहे, पण व्यवहारात कठीण, एकाच डिझाइनवर अनेक विणकर काम करतात, कुठला नग कुणी विणला हे ठेवणं शक्य नाही.

हे ऐकून मी सोलापूरच्या त्या शेडमधली वही आठवली. प्रत्येक माणसाच्या नावापुढे नगांचे क्रमांक असतात. कशासाठी? एखादी सतरंजी तपासणीत नापास झाली, कडा वाकडी निघाली, धागा सुटला, तर ती कुणाची हे कळायला हवं. त्याच्या मजुरीतून कापून घ्यायचं असतं. म्हणजे नाव माहीत आहे. नगागणिक माहीत आहे. वजाबाकीच्या रकान्यात ते वर्षानुवर्षं लिहिलं जातंय. बेरजेच्या रकान्यात मात्र ते 'व्यवहारात कठीण' होतं.

माझ्या मते या प्रश्नाचा गाभा इथे आहे. नावाला तीन कामं असतात: श्रेय, हक्क आणि जबाबदारी. सभ्य समाजात ही तिन्ही एकाच माणसाकडे, किंवा निदान एकाच प्रमाणात जावीत. डिझायनर म्हणून मला श्रेय मिळतं, थोडा हक्क मिळतो, आणि माल नापास झाला तर माझं मानधन कापलं जात नाही. काकांकडे फक्त जबाबदारी येते.

यादी कुठे थांबवायची?

यावरचे आक्षेप हलके नाहीत.

पहिला आक्षेप: काकांचं नाव घातलं, मग रंगाऱ्याचं का नाही? कांड्या भरणाऱ्या बायकांचं का नाही? २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले गेले आणि त्यात बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यांतल्या कितीतरी जणी असंच 'जोडकाम' करतात. राजकीय पक्षात 'सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता' असतो ना, तसे प्रत्येक धंद्यात सतरंज्या उचलणारे असतात. खुद्द सतरंजीच्या धंद्यातही.

आक्षेप खरा आहे. आणि नाव देण्याने अन्याय नवीन जागी सरकू शकतो, याचं उदाहरण आपल्या पालघरमध्येच आहे. वारली चित्रं मुळात लग्नघरी चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची. त्यांची नावं कुणी टिपली नाहीत. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही कला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणली, आपल्या प्रतिभेने जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते नाव त्यांनी कमावलेलं आहे. पण नाव जेव्हा आलं तेव्हा ते एका पुरुषाचं आलं, आणि शेकडो वर्षं चौक लिहिणाऱ्या बायका परंपरेतच राहिल्या. आज वारली आकृत्या अभ्र्यांवर, कपांवर, पडद्यांवर नाचतात. त्यातल्या बऱ्याच आकृत्या संगणकावर बसलेल्या, पाड्यावर कधी न गेलेल्या माझ्यासारख्या कुणीतरी काढलेल्या असतात. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. सोलापुरी चादरीलाही तो आहे. हा कायदा गावाचं नाव राखतो, आणि ते चांगलंच आहे. पण गाव मजुरीचा भाव ठरवायला बसत नाही. बसतो तो माणूस.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: नाव स्वस्त असतं. मजुरी वाढवायला पैसे लागतात, नाव छापायला शाई लागते. त्याच गणनेनुसार सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजार रुपयांपेक्षा कमी आहे. अशा घरातल्या माणसाला तुम्ही क्यूआर कोडवर फोटो देणार? ग्राहकाला विणकराची 'भेट' झाल्याचं समाधान, कंपनीला त्यातून चार पैसे जास्त, आणि विणकराला तेच पाच हजार. नाव देणं हा पैसे न देण्याचा सुसंस्कृत मार्गही होऊ शकतो.

मी हे मानते. म्हणूनच राजस्थानातल्या 'रंगसूत्र'सारखी कंपनी मला जास्त विचारात पाडते. तिथे कारागीर स्वतः भागधारक आहेत, आणि त्यांचा माल फॅबइंडिया, आयकिया अशा मोठ्या दुकानांत गेला आहे. लेबलवर नाव असो नसो, मालकीच्या कागदावर आहे.

पण मग कायदा काय म्हणतो, हेही बघू. मी माझं डिझाइन भारताच्या २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवलं तर दहा आणि वर पाच अशी पंधरा वर्षं ते माझं. नोंदवलं नाही आणि ते औद्योगिक पद्धतीने पन्नासाहून जास्त वेळा वस्तूंवर उतरवलं गेलं, तर त्यावरचा कॉपीराइटही संपतो. एक्कावन्नाव्या सतरंजीला माझा हक्क सुटतो! हे कळल्यावर मी पहिल्यांदा स्वतःसाठी चिडले, आणि मग लक्षात आलं: चिडायला तरी माझ्याकडे पन्नासचा आकडा आहे. पायऱ्यांचा उतार ठरवणाऱ्या काकांना या कायद्याच्या दारात उभं राहायलाही आधी कुणीतरी 'डिझायनर' म्हणून लिहायला हवं. पैशाचा हक्क मागायलाही आधी नाव लागतं. शाई स्वस्त असते, हे खरं. पण दावा सांगायचा तर कागदावर आधी तीच लागते.

गोरोबांचं मडकं

आपल्या संतमंडळींत कारागीर किती होते पाहा: गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी. गोरोबांनी आयुष्यभरात हजारो मडकी घडवली असतील. त्यातलं कुठलं 'गोरोबांचं' म्हणून आपण ओळखत नाही. अभंग मात्र उरले, आणि ते गोरोबांचे आहेत हे आपल्याला कळतं, कारण शेवटच्या चरणात नाममुद्रा असते. छापखाना नव्हता, गाणारे हजार. नाव हरवायची पुरी सोय होती. तरी 'मी' पणा सोडायला सांगणाऱ्या याच परंपरेने नाव मात्र ओळीतच विणून ठेवलं, सुटू नये असं. यानागींचा अनामिक कारागीर मला पटेनासा होतो तो इथे. अहंकार सोडणं आणि नाव सोडणं एक नव्हे. नाव घालणारा असंही म्हणत असतो की हे मी बोललो, चुकलं असेल तर मला विचारा.

काकांना मी सरळ विचारलं होतं, तुमचं नाव घातलेलं चालेल का? मला वाटलं होतं ते लाजतील, किंवा खूश होतील. ते म्हणाले, "नाव कशाला नुसतं. फोन नंबर टाका."

हील्सच्या किनारीवरचं नाव जे काम करत होतं, तेच त्यांनी चार शब्दांत मागितलं. पत्ता. ज्याला पायऱ्या आवडल्या तो थेट त्यांच्यापर्यंत पोचावा. आणि कंपनीला नेमकं तेच नको असतं. नाव 'व्यवहारात कठीण' होण्याचं खरं कारण, मला वाटतं, वहीत नसून इथे आहे. ज्याचा पत्ता माहीत आहे तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला 'हो' म्हणू शकतो, म्हणून पहिल्याला 'एवढ्यात नाही परवडत' म्हणू शकतो. नाव असणं म्हणजे उठून जाता येणं. ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्याशी झालेला मजुरीचा करार कितीही गोड शब्दांत झाला तरी बरोबरीचा नसतो.

तेव्हा मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. वस्तू बदलेल असा निर्णय ज्याने घेतला, तो सहडिझायनर. त्याला विचारायचं, हवं असेल तर नाव माझ्या नावाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, आणि मानधनात वाटा. हात दाखवायचे तर चेहराही दाखवायचा. कंपनीला हे जमत नसेल तर मुजीसारखं करा, कुणाचंच नाव नको, माझाही फोटो काढा. पुढच्या कामाच्या करारात मी हे कलम घातलं. फोन नंबर त्यांनी खोडला, नाव ठेवलं, मानधनाच्या वाट्यावर अजून बोलणी चालू आहेत. कदाचित हे काम माझ्या हातून जाईल. गेलं तर मला दुसरं मिळेल, कारण माझं नाव लोकांना माहीत आहे. हा नियम पाळणं मला परवडतं ते याच असमानतेमुळे, हे मला दिसतं. पण जिच्यापाशी उठून जायची सोय आहे, तिनेच आधी जागा सरकवून द्यायला हवी. दुसरं कोण देणार?

कांड्या भरणाऱ्या बायकांचा प्रश्न या नियमाने सुटत नाही. त्यांच्यासाठी नावापेक्षा नीट मजुरी हेच पहिलं मागणं असेल, असं मला आज वाटतं. त्यांना विचारल्यावर कदाचित वेगळं कळेल. यादी कुठे थांबवायची हे कळत नाही, म्हणून ती सुरूच करायची नाही, हे मात्र मला मान्य नाही. सिनेमाच्या शेवटी स्पॉटबॉयपर्यंत नावं सरकत जातात. थिएटरमधले निम्मे लोक तोवर उठून गेलेले असतात. तरी ती सरकतात, कारण नाव बघणाऱ्यासाठी नसतं, ज्याचं आहे त्याच्यासाठी असतं.

तुम्ही डिझायनर नसाल, तर तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे. पुढच्या वेळी 'हाताने विणलेली' असं वाचलंत की ते वाक्य पुरं करायचा प्रयत्न करा. दुकानदाराला विचारा, कंपनीला मेसेज करा: कुणी? उत्तर बहुधा येणार नाही. पण पुरेशा लोकांनी तोच एक शब्द विचारला, तर सोलापूरच्या त्या वहीत नाव नगागणिक लिहिलेलं आहे, हे कुणालातरी आठवावंच लागेल.